दुसरी पोचपावती

मी गोळी एकच घेतली होती. फोन म्हणत होता, दोन पोचल्या.

मी दिनकर मगदूम, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. उभी नोकरी सांगली-मिरजेच्या बाजारांत तराजू तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोकळ केलेलं वजन, काट्यामागं दडवलेलं लोहचुंबक, सगळं बघून झालंय. त्यामुळं माणसांवर माझा विश्वास कमी आणि मापावर जास्त. यंत्र चुकतं, पण लबाडी करत नाही. लबाडी करतो तो यंत्रामागचा हात. हे वाक्य मी शिकाऊ निरीक्षकांना इतक्यांदा ऐकवलंय, की मी अर्धं म्हटलं तरी आमची शालन ते स्वयंपाकघरातून पुरं करते.

म्हणून पोचपावतीचा कायदा आला तेव्हा अख्ख्या मिरजेत बहुधा मी एकटाच खूश होतो. आता सांगून खरं वाटणार नाही, पण त्याआधी लोक औषधं कशी घ्यायचे ते मी डोळ्यांनी बघितलंय. ताप उतरला, की अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या डब्यात. शेजारी कुणाचा घसा बसला, की “आमच्या ह्यांना हीच लागू पडली होती” म्हणून त्यातल्या दोन भिंतीवरून पलीकडं. थायरॉइडची गोळी चहाबरोबर. रक्तदाबाची गोळी चक्कर आली तरच. साखरेची गोळी एरवी विसरायची आणि लग्नाच्या पंगतीआधी एकाच्या जागी दोन घ्यायच्या, म्हणजे जिलेबी चालते! त्यात बाजारातल्या कितीतरी गोळ्या नुसत्या खडूच्या. शेवटी जंतू शहाणे झाले, साध्या तापानं धडधाकट माणसं जायला लागली, आणि मग कायदा झाला: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीत कण असलाच पाहिजे.

कणाचं शास्त्र अवघड नाही. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून आपण वीज तयार केलेली असते. इथं तेच. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान असा कण, त्याच्या एका अंगाला तांबं, दुसऱ्या अंगाला मॅग्नेशियम आणि मधे इवलीशी चिप. गोळी पोटात विरघळली, की जठरातलं आम्ल लिंबाच्या रसाचं काम करतं. चार-पाच मिनिटं वीज होते आणि तेवढ्यात कण आपला क्रमांक पोटावर चिकटवलेल्या पट्टीला कळवतो. पट्टी फोनला सांगते आणि फोनवर अक्षरं उमटतात: “पोचली.” गोळी तुमच्या डॉक्टरच्या चिठ्ठीतली असेल तर नाव दिसतं, नसेल तर “नोंद नसलेली गोळी” एवढंच.

त्या सकाळी माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव आलं आणि त्याखाली दुसरी ओळ आली. “नोंद नसलेली गोळी, पोचली.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आधी मला कंपनीचा संशय आला. एका गोळीत चुकून दोन कण पडले असतील. निवृत्त होताना लिलावात घेतलेला सोनाराचा काटा माझ्याकडं आहे. त्यावर सगळ्या गोळ्या तोलल्या. तिळाचाही फरक नव्हता.

मग सन्मती उपाध्येकडं गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं मेडिकल आहे. त्याच्या यंत्राला कुठल्याही कणाचा क्रमांक वाचता येतो.

“या की काका,” तो म्हणाला.

“हा क्रमांक कसल्या गोळीचा आहे, बघून सांग.”

त्यानं फोन यंत्रापुढं धरला, पडद्यावर बघितलं आणि फोन परत दिला. “यंत्र बंद पडलंय ओ सकाळपास्नं.”

“मग हिरवा दिवा कसा लागलाय?”

“तो नुसताच लागतोय.”

खोटं बोलणारा दुकानदार हाताला काम शोधतो, हा माझा अनुभव आहे. सन्मती कापसाची पुडकी सरळ करायला लागला. ती आधीच सरळ होती.

घरी येऊन पुण्याला स्नेहलला, आमच्या मुलीला, फोन लावला. म्हटलं, “घरात काहीतरी चाललंय.”

“पप्पा, तुम्ही मम्मीलाच विचारा ना,” ती लगेच म्हणाली.

“काय चाललंय ते मी अजून सांगितलंच नाही.”

मग म्हणाली, कुकर झालाय, नंतर करते. दुपारी चार वाजता कसला कुकर?

शालनला मी काहीच विचारलं नाही. छापा घालायचा असला, की दुकानदाराला आधी कळू द्यायचं नाही. शिवाय ती तेव्हा थकलेली असायची. तिच्या हृदयाची झडप आखडली होती. दोन जिने चढली तरी ओठ निळसर व्हायचे. महिनाअखेरीला इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात मांडीतून नळी घालून नवी झडप बसवायची ठरली होती. संमतीच्या कागदावर माझी सही हवी होती. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. उशीर केला तर ती जाईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मी पद्धतशीर तपासणी सुरू केली. एक दिवस चहा घेतला नाही: पावत्या दोन. एक दिवस पोहे टाळले: दोन. मग एक दिवस आंबील मोरीत ओतली, आणि पावती आली एकच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. नाचणीची ताकातली आंबील घरात मी एकटाच पितो. ती करते शालन, माझ्यापुढं ठेवते शालन, आणि वाटी रिकामी होईपर्यंत पदराला हात पुसत उभी राहते तीही शालनच. तो तिचा जिव्हाळा आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मला राग यायच्या आधी भीती वाटली. आपल्याच घरात, आपल्याच पाटावर बसून एवढी भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. खिडकीतून मी तिला बघत राहिलो. ती पाणी गाळत होती. आम्ही जैन. नळाला कितीही भारी फिल्टर बसवला तरी आमच्या घरात पाणी दुहेरी फडक्यातूनच गाळलं जातं. डोळ्यांना न दिसणारा जीवही आपल्या पोटात जाऊ नये म्हणून. किड्यामुंगीला जपणारी ही बाई मला काय पाजत होती?

त्या दिवसापासून आंबील रोज मोरीत जाऊ लागली.

आठवडाभरानं माझी झोप तुटायला लागली. पण डोकं कसं लख्ख झालं! इतक्या वर्षांची काजळी कुणीतरी पुसून काढावी तसं. सुटी सुटी वाटणारी माणसं आता एका दोरीत ओवलेली दिसायला लागली. सन्मतीचं यंत्र. स्नेहलचा कुकर. समोरच्या कुरण्यांनी बसवलेला कॅमेरा, ज्याचं तोंड त्यांच्या दाराकडं कमी आणि आमच्याकडं जास्त. आणि तो दवाखाना, ज्याला माझ्या सहीची एवढी घाई झाली होती. ते झडपेचं निमित्त असेल तर? मला वेडा ठरवून घर लिहून घ्यायचं असेल तर? मी फ्रिजवरचा कागद काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

मग ट्रंकेतून जुनी हत्यारं काढली: तार, शिशाचे मणी आणि पकड. पेट्रोल पंपाच्या मापाला करतो तसं स्वयंपाकघरातल्या नळाला, नाचणीच्या डब्याला आणि ताकाच्या बरणीला शिशाचं सील केलं.

शालन भाजी घेऊन आली. नळाकडं बघितलं आणि मटकन खाली बसली. पिशवीतले टोमॅटो घरभर झाले.

“अहो,” ती म्हणाली, “परत?”

“परत म्हणजे?”

“बारा वर्षांपूर्वी असंच केलं होतं की तुम्ही. आधी नळ, मग गॅस. स्नेहलच्या सासूला घोटभर पाणी दिलं नव्हतं तुम्ही, त्यात कुणीतरी काय घातलंय म्हणून. पोरगी कशी रडली होती!”

मला तो दिवस आठवत होता. पाण्याला खरोखरच वास येत होता.

“ते राहू दे,” मी म्हटलं. “आंबिलीत काय घालतेस ते सांग.”

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, “गोळी.”

“कसली?”

“संशयाच्या आजारावरची. आजरेकर डॉक्टरीणबाईंनी दिलेली. तुम्ही एकदाच गेला होता त्यांच्याकडं, झोप येत नाही म्हणून. त्यांच्याच टेबलावर गोळी फोडून वास घेतलात आणि उठून आलात. मग मीच सन्मतीकडनं आणत गेले, तुमच्या चिठ्ठीवर चढू न देता. खलात कुटायची आणि आंबिलीत ढवळायची. ताकाच्या आंबटपणात कडू लागत नाही.”

“बारा वर्षं?”

“बारा वर्षं.”

ताकाला जाऊन भांडं लपवतात असं ऐकलं होतं. हिनं ताकातच सगळं लपवलं होतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, “मापात पाप केलंस तू माझ्याशी.”

“केलं,” ती म्हणाली.

पण निरीक्षक गप्प बसत नाही. “खोटं आहे हे. कायद्याला चार वर्षं झाली, प्रत्येक गोळीत कण असतो. तो खलात फुटत नाही, ताकात विझत नाही. मग पावती आत्ताच कशी यायला लागली?”

ती भिंतीला धरून उठली. फडताळातून काजळाची जुनी डबी काढून माझ्यापुढं ठेवली. मी झाकण उघडलं. आत तांबूस, चकचकीत कण होते, डबी काठोकाठ भरली होती.

“पाणी गाळतो ना, तसल्याच फडक्यातनं भुकटी गाळायची मी,” ती म्हणाली. “औषध खाली पडायचं, हे वर राहायचं. टाकवलं नाही मला.”

“मग आता काय, फडकं फाटलं?”

“फडक्याला काय झालंय? मीच गाळायचं सोडलं. मुद्दाम.”

मी डबीचं झाकण लावलं.

“मी दवाखान्यात गेल्यावर तुम्हाला कोण देणार?” ती म्हणाली. “आणि परत नाही आले तर? तोंडानं सांगायला मला बारा वर्षांत धीर झाला नाही. म्हटलं, ह्यांचा माझ्यावर नसला तरी मापावर विश्वास आहे. मापच सांगू दे.” तिला धाप लागली होती. पदराखालून तिनं गोळ्यांची अख्खी पट्टी काढून माझ्या हातात दिली. “रागवा, बोलू नका माझ्याशी. सही करायची नसली तर नका करू, स्नेहल करेल. पण ही घ्या. न लपवता, न कुटता घ्या.”

मी पट्टी खिशात टाकली, कागदाला लागूनच. घेतली मात्र नाही. गेले काही दिवस आंबील मोरीत जात होती हेही तिला माहीत होतं, असं नंतर स्नेहलनं सांगितलं. तिला सगळंच माहीत असतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, ते नवऱ्यापेक्षा पाळत ठेवणारा म्हणून जास्त. प्रत्येक दारावर नजर होती माझी. लिफ्टवाल्यानं मजला न विचारताच बटण दाबलं, तेही मनात नोंदवून ठेवलं. वर स्नेहल उभी होती, डोळे सुजलेले. शालनला हिरव्या कपड्यांत स्ट्रेचरवर घेतलेलं होतं. बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही, चष्मा नाही. मी तिला चष्म्याशिवाय ओळखलंच नाही एक क्षण.

“काका, कागद?” नर्सनं हात पुढं केला.

“गोळी घेतली का?” शालननं विचारलं.

दोन्ही माझ्या एकाच खिशात होती आणि दोन्हीवर माझा विश्वास नव्हता.

खरं सांगतो, माझं भांडण आता तिच्याशी राहिलं नव्हतं. गोळी घेतली, की हळूहळू ह्या सगळ्यांवर माझा विश्वास बसणार. मग तो विश्वास माझा, की गोळीचा? आणि नाही घेतली, तर मनात जे चाललंय ते माझं, की आजाराचं? आतून कळायला काही मार्ग नव्हता. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की तराजू स्वतःला तपासू शकत नाही. प्रमाण वजन बाहेरूनच आणावं लागतं. आणि दांडी सरळ आहे का, हे बघायचं असेल, तर डाव्या पारड्यातलं उजव्यात आणि उजव्यातलं डाव्यात घालून बघायचं.

तिथं, त्या पॅसेजमध्ये, दुसरं काही सुचेना म्हणून मी पारडी बदलून बघितली. नळाला सील करणारी शालन. व्याहीणबाईंच्या हातातला पेला काढून घेणारी शालन. मी करतो त्या जेवणाचा वास घेऊन मग घास घेणारी शालन. आणि तिच्या जागी मी. मी काय केलं असतं? बारा वर्षं खल घेऊन बसलो असतो? रोज फडकं धरलं असतं? छे. मी चार दिवसांत तिला कुपवाडला तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडलं असतं आणि वर म्हटलं असतं, सांभाळा तुमची बहीण.

दांडी एकीकडं झुकली होती आणि खोट तिच्या बाजूला नव्हती, माझ्या होती.

संशय गेला नव्हता, बरं का. नर्सच्या खिशातल्या पेनाचाही येत होता. तशातच मी पट्टीतली गोळी काढली आणि अख्खी जिभेवर ठेवली.

“पाणी,” शालननं उशाशेजारच्या स्टीलच्या बाटलीकडं बोट केलं. “घरचं आहे. गाळलेलं.”

मी प्यायलो.

“चला मावशी,” नर्स म्हणाली.

“थांबा ओ बाई दोन मिनिटं,” शालन म्हणाली. “ह्यांची पावती यायची आहे.”

“मावशी, आत डॉक्टर थांबलेत!”

“थांबू देत की. मी बारा वर्षं थांबलेय.”

आम्ही सगळे माझ्या फोनकडं बघत उभे राहिलो. स्नेहल, नर्स, स्ट्रेचर ढकलणारे दोघं. शालनला चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नुसतं “पोचली” म्हटलं असतं तरी तिला कळलं नसतं. पण मी थांबलो. फोन थरथरला.

“वाचा,” ती म्हणाली.

“नोंद नसलेली गोळी,” मी वाचलं. “पोचली.”

फोन दाखवा, असं तिनं म्हटलं नाही. “चला बाई आता,” म्हणाली आणि डोळे मिटले. मी कागद काढून भिंतीवर धरला आणि सही केली.

दार बंद झालं. तो दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. झडप नीट बसली असं डॉक्टर म्हणाले, पण तिला बघू मात्र दिलं नाही. आजरेकर डॉक्टरीणबाई स्नेहलनं बोलावल्या म्हणून संध्याकाळी येऊन गेल्या. त्यांच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, ते पुढं ढकललं. म्हणाल्या, “मगदूम, एका गोळीनं काही होत नाही हं. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर त्रास होईल. मनात काहीबाही येईल.” मी म्हटलं, येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझा फोन वाजला. दवाखान्यातल्या रोग्याची पावती घरच्या माणसाच्या फोनवरही येते. शालन दिनकर मगदूम. ऑपरेशननंतरची पहिली गोळी. पोचली.

पोटातल्या कणाची पावती खोटी पाठवता येते का? येत असणार. जगात असं माप नाही, ज्यात कुणी लबाडी शोधलेली नाही. आतल्या काचेवर पडदा होता. नर्स आत-बाहेर करत होत्या. एकीला थांबवून विचारायला काय लागलं असतं? ती गोळी खरंच तिनंच घेतली का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता.

पण दोन-तीन आठवडे अजून जायचे होते. गोळीला गुण यायचा होता. तेव्हा आज मी विचारलं नाही, तर ते न विचारणं फक्त माझं असणार होतं, गोळीचं नाही.

मी नाही विचारलं. खिशातली पट्टी काढली, माझी गोळी तोंडात टाकली आणि बाटलीत उरलेलं तिनं गाळलेलं पाणी प्यायलो.